‘एवढ्यात नको’ : इटलीतल्या बायकांच्या मताधिकाराची गोष्ट

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून आपण रेशनवर बोललो, पोटगीच्या दाव्यांवर बोललो, ग्रामसभेत बायकांना बोलू का दिलं जात नाही यावर बोललो. आणि आता जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी ही बाई इटलीचं काय घेऊन बसली, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. म्हणून कारण आधी सांगते.

मागे एका प्रशिक्षणात मी मताधिकारावर बोलत होते. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, युरोपातल्या बायकांना तर हे कधीच मिळालं असेल ना?" मी म्हटलं, "हो तर," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. घरी आल्यावर मात्र ते ‘हो तर’ टोचायला लागलं. इंग्लंडमधल्या बायका मोर्चे काढून तुरुंगात गेल्या एवढंच मला माहीत होतं आणि तेवढ्यावर मी सगळा युरोप मोजला होता. मग वाचायला घेतलं आणि इटलीपाशी येऊन थांबले. इटलीतल्या बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं ते २ जून १९४६ ला. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या जेमतेम साडेपाच वर्षं आधी.

आणि संसदेपुढे मागणी गेली होती १८७७ सालीच. म्हणजे मधे एकोणसत्तर वर्षं गेली. या एकोणसत्तर वर्षांत त्यांना कोणी अडवलं, याची ही गोष्ट आहे. नुसत्या विरोधकांनी अडवलं असतं तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. विरोधक अडवणारच. त्यांना आपल्याच माणसांनी अडवलं आणि अडवताना कधी सरळ ‘नाही’ म्हटलं नाही. म्हटलं ते ‘एवढ्यात नको’.

१८६१ साली इटली एक देश झाला. त्याआधी तिथे वेगवेगळी राज्यं होती. उत्तरेतल्या लोंबार्दी भागावर ऑस्ट्रियाची सत्ता होती. तिथे मालमत्ता असलेल्या बायकांना गावच्या निवडणुकीत, स्वतः जाऊन नव्हे पण मुखत्यारामार्फत, मत देता येत होतं. देश स्वतंत्र झाला, एक झाला आणि होता तो हक्कही गेला. १८६५ च्या दिवाणी कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीच्या खुंट्याला बांधलं. स्वतःच्या नावावरची जमीन विकायची, गहाण टाकायची, कोणाला दान द्यायची, कर्ज काढायचं, तर नवऱ्याची परवानगी हवी. जमीन तिची आणि संमती त्याची.

आन्ना मारिया मोत्सोनी नावाची मिलानची एक बाई. जन्म १८३७ चा. तिनं १८६४ मध्ये, म्हणजे हा कायदा होऊ घातला होता तेव्हाच, बाई आणि समाज यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं. जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या गुलामगिरीवरचं पुस्तक १८७० मध्ये इटालियनमध्ये आणलं. आणि १८७७ मध्ये तिनं बायकांना मत द्या असा अर्ज संसदेपुढे ठेवला. पुढे चार वर्षांनी मिलानमध्ये बायकांची संघटना उभी केली. १९०६ मध्ये पुन्हा अर्ज झाला, तो लिहिणारीही तीच. तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती. १९२० मध्ये ती गेली. मत न देताच गेली.

१९०६ सालची आणखी एक हकिकत सांगते, ती आपल्यातल्या शिक्षिकांना फार आवडेल. तेव्हाच्या कायद्यानं मत द्यायचं तर लिहितावाचता यायला हवं होतं. शाळेत पोरांना अक्षरं कोण शिकवत होतं? बाया. म्हणजे जिच्या हाताखाली गिरवून मुलगा उद्याचा मतदार व्हायचा, ती स्वतः मतदार नाही. त्या वर्षी मारिया माँटेसरीनं, बालवाड्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच माँटेसरीबाईनं, वर्तमानपत्रातून बायकांना आवाहन केलं की मतदारयादीत नाव घाला म्हणून अर्ज करा. मार्के प्रांतातल्या सेनिगालिया आणि मोंतेमार्चानो या गावांतल्या दहा शिक्षिकांनी अर्ज केले. त्यांचं म्हणणं साधं होतं. राज्यघटना म्हणते सगळे प्रजाजन कायद्यापुढे समान. संसदेच्या निवडणुकीच्या कायद्यात बायकांना वगळलं आहे असं कुठे लिहिलेलं नाही. मग आम्ही का नाही?

प्रकरण अन्कोनाच्या अपील न्यायालयात गेलं. तिथे लोदोविको मोर्तारा न्यायाधीश होते. ते काही बायकांच्या मताचे पुरस्कर्ते नव्हते. पण कायद्यात जे लिहिलेलं नाही ते मी माझ्या पदरचं घालणार नाही, अशी त्यांची भूमिका. २५ जुलै १९०६ ला त्यांनी शिक्षिकांच्या बाजूनं निकाल दिला. दहा बायका कायद्यानं मतदार झाल्या! पण निवडणूक लागण्याआधीच, काही महिन्यांत, रोमच्या वरिष्ठ न्यायालयानं तो निकाल फिरवला. विरोधकांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. बायकांना मत नाही हे इतकं उघड आहे की ते कायद्यात लिहायची गरजच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मैत्रिणींनो, आपल्याला ज्या नियमांनी बांधलेलं असतं त्यातले किती नियम असे असतात पाहा. कुठे लिहिलेले नसतात आणि सगळ्यांना पाठ असतात.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी बाई. आन्ना कुलिशॉफ. जन्म रशियाच्या क्रिमियातला. क्रांतिकारकांत वावरली म्हणून देश सोडावा लागला. इटलीत येऊन डॉक्टर झाली. मिलानमध्ये कामगार वस्तीतल्या बायकांवर उपचार करायची, लोक तिला गरिबांची डॉक्टरीण म्हणत. समाजवादी नेते फिलिप्पो तुराती हे तिचे जोडीदार. दोघं मिळून एक नियतकालिक चालवायचे. कारखान्यातल्या बायका आणि मुलं यांच्यासाठी १९०२ मध्ये कायदा झाला, त्यामागे तिची मेहनत होती. अशी दोन माणसं. एका घरात राहणारी, एका पक्षात काम करणारी, एकमेकांना मानणारी.

१९१० मध्ये समाजवादी पक्ष सार्वत्रिक मताधिकार मागत होता. तुरातींचं मत असं की बायकांचा प्रश्न त्यात आत्ता घुसवू नये. तत्त्व म्हणून मान्यच आहे, पण बायकांची राजकीय जाणीव अजून मंद आहे. आधी पुरुषांचं पदरात पाडून घेऊ. कुलिशॉफनं त्यांच्याच नियतकालिकातून जाहीर उत्तर दिलं. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगते. अर्ध्या माणसांना बाहेर ठेवता आणि त्याला सार्वत्रिक कसं म्हणता? खेड्यातल्या निरक्षर पुरुषाची राजकीय जाणीव फार जागी आहे का? त्याच्यासाठी मागताना ती अट आड येत नाही, मग बाईसाठी मागतानाच का येते? कारखान्यात बाई घाम गाळते, कर भरते, संपावर जाते, तेव्हा तिची तयारी कोणी तपासत नाही.

हा वाद वाचताना मी पुस्तक मिटून बसून राहिले. मी ज्या संघटनेत वाढले तिथे मजुरीचा ठराव पहिला असायचा. तो असायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण दारू आणि मारहाणीचा ठराव आम्ही बायका मांडायचो तेव्हा अध्यक्ष फार प्रेमानं म्हणायचे, "ताई, तुमचा विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच घाईत नको. पुढच्या बैठकीत सविस्तर घेऊ." अशा पाच बैठका मी मोजल्या. सहावीला मीच विषय काढला नाही. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. तुरातीही नव्हते.

१९१२ मध्ये पंतप्रधान जोव्हान्नी जोलित्ती यांनी कायदा बदलला. तीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला, निरक्षर असला तरी, मत मिळालं. सैन्यात नोकरी केलेल्या तरुणालाही मिळालं. मतदार सुमारे ३३ लाखांवरून ८४ लाखांवर गेले. त्यात बाई एकही नाही. बायकांना मत देणं ही अंधारातली उडी आहे, असं जोलित्ती म्हणाले. पन्नास लाख नवे पुरुष घेताना अंधार दिसला नाही. अंगठा लावणारा गडी मतदार झाला आणि डॉक्टर कुलिशॉफ नाही झाली.

मग पहिलं महायुद्ध आलं. पुरुष आघाडीवर गेले, बायकांनी कारखाने चालवले, ट्राम चालवल्या, शेतं कसली. युद्ध संपल्यावर जुलै १९१९ मध्ये नवऱ्याच्या परवानगीचं ते जोखड कायद्यानं काढलं. वकिलीसारखे व्यवसाय बायकांना खुले झाले. सप्टेंबरमध्ये तर कनिष्ठ सभागृहानं मोठ्या बहुमतानं बायकांचा मताधिकार मंजूर केला. आता फक्त वरिष्ठ सभागृह राहिलं होतं. तेवढ्यात संसद बरखास्त झाली आणि विधेयक तिथेच संपलं. ताट वाढलं, हात धुतले आणि ताट उचललं.

त्यानंतर मुसोलिनी. १९२३ मध्ये रोममध्ये मताधिकारासाठी झगडणाऱ्या बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुसोलिनी स्वतः तिथे आला आणि काही बायकांना मत देण्याचं वचन देऊन गेला. नोव्हेंबर १९२५ मध्ये तसा कायदाही केला. फक्त नगरपालिकेपुरता, आणि तोही निवडक बायकांना. युद्धात मेलेल्यांच्या आया आणि विधवा, पदकं मिळालेल्या, ठरावीक शिक्षण झालेल्या, ठरावीक कर भरणाऱ्या. बाई म्हणून नव्हे, तर कोणाची तरी आई, कोणाची तरी विधवा म्हणून. आणि पुढच्याच वर्षी त्यानं नगरपालिकांच्या निवडणुकाच बंद केल्या आणि सरकारनं नेमलेला अधिकारी बसवला. मत दिलं आणि मतपेटी काढून घेतली. आन्ना कुलिशॉफ त्याच १९२५ च्या डिसेंबरात वारली. तिच्या अंत्ययात्रेवरही फासिस्टांनी हल्ला केला.

पुढची वीस वर्षं इटलीत कोणाच्याच मताला अर्थ नव्हता. बायकांना सरकारनं सांगितलं, तुमचं काम मुलं जन्माला घालणं. शाळांच्या वरच्या वर्गांत इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शिकवायला त्यांना बंदी झाली. कचेऱ्यांत बायका शंभरात दहापेक्षा जास्त नकोत, असा हुकूम १९३८ मध्ये निघाला.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली. उत्तर आणि मध्य इटली जर्मनांच्या ताब्यात गेला. तिथे जो प्रतिकार उभा राहिला त्यात बायका होत्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये मिलानमध्ये वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून स्त्री संरक्षण गट सुरू केले. पुढे त्यांत ७० हजार बायका असल्याची नोंद आहे. डोंगरातल्या लढवय्यांना अन्न, कपडे, औषधं, निरोप, पत्रकं आणि हत्यारं पोचवणाऱ्या मुली सायकलवरून जायच्या. पिशवीत वर भाजी आणि खाली काडतुसं. पकडल्या तर छळ आणि गोळी. तीना आन्सेल्मी त्यातलीच एक. शाळकरी वयात, सतराव्या वर्षी, हे काम करायला लागली. हीच पुढे १९७६ मध्ये इटलीची पहिली स्त्री मंत्री झाली. प्रत्यक्ष लढणाऱ्या म्हणून ३५ हजार बायकांची नोंद आहे.

इथे आपल्या मातीचा एक धागा येतो. त्याच काळात त्याच डोंगरदऱ्यांत आपली मराठी माणसं होती, इंग्रजांच्या सैन्यात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात ते पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर लढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता बघा, इथे तेव्हा १९३५ चा कायदा लागू होता. त्यात बाईला मत मिळायचे मार्ग होते ते असे. स्वतःची मालमत्ता किंवा शिक्षण, नाहीतर मालमत्ता असलेल्या नवऱ्याची बायको असणं, नाहीतर सैनिकाची बायको किंवा त्याचं पेन्शन खाणारी विधवा किंवा आई असणं. इंग्रज आणि मुसोलिनी एकमेकांचे शत्रू. पण बाईला मत द्यायचं तर ते मेलेल्या पुरुषाच्या नावानं, यावर दोघांचं एकमत. आपल्या शेतमजूर बाईला तिच्या स्वतःच्या नावानं मत मिळालं ते आपल्या राज्यघटनेनं, १९५० मध्ये.

परत इटलीकडे येऊ. जून १९४४ मध्ये रोम मुक्त झालं. सप्टेंबरमध्ये तिथे इटालियन स्त्रियांचा संघ उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मताधिकारासाठी समिती केली आणि सरकारमागे तगादा लावला. आणि पुन्हा तेच सुरू झालं. डाव्या पक्षांतले कित्येक पुरुष म्हणायला लागले, बायका पाद्री सांगेल तिथे शिक्का मारतील, राजेशाहीला मत देतील. एवढ्यात नको. पण या वेळी दोन मोठे नेते, कम्युनिस्ट तोल्याती आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी दे गास्पेरी, मताधिकार द्यावा यावर एक झाले. ३० जानेवारी १९४५ ला बोनोमी यांच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. १ फेब्रुवारीला हुकूम निघाला. उत्तरेत तेव्हा अजून लढाई चालू होती. ज्या मुली सायकलवरून पत्रकं नेत होत्या त्यांच्या गावात अजून जर्मन होते.

तो हुकूम नीट वाचला पाहिजे. एकवीस वर्षांवरच्या बायकांना मत दिलं. पण निवडून यायचा हक्क त्यात लिहायचाच राहिला! मत द्या, पण उभ्या राहू नका. संविधान सभेवर निवडून येण्याचा हक्क मिळायला १० मार्च १९४६ चा दुसरा हुकूम लागला. आणि पहिल्या हुकमात एक कलम असं की सरकारी परवान्याच्या घरांबाहेर धंदा करणाऱ्या वेश्यांना मत नाही. परवान्याच्या कोठ्यात असलेल्या बाईला आहे, रस्त्यावर उभं राहावं लागणाऱ्या बाईला नाही. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाच्या मताला मात्र धक्का नव्हता. ज्या दिवशी सगळ्या बायकांना आत घेतलं त्याच दिवशी काही बायकांच्या तोंडावर दार लावलं. हे मला आनंदाच्या भरात विसरायचं नाही. आपणही ‘सगळ्या बायका’ म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण धरतो?

मार्च १९४६ पासून गावोगावच्या निवडणुका झाल्या. सुमारे दोन हजार बायका निवडून आल्या. सार्डिनियातल्या बोरुत्ता गावी निनेत्ता बार्तोली महापौर झाली, मास्सा फेर्माना गावात आदा नाताली ही शिक्षिका. मग २ आणि ३ जूनला देशाचं मतदान. प्रश्न होता, राजा ठेवायचा की प्रजासत्ताक आणायचं? शिवाय राज्यघटना लिहिणारी सभा निवडायची होती. पहाटेपासून बायका रांगेत होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांना एक सूचना दिली होती, मत द्यायला येताना ओठ रंगवून येऊ नका. कारण मतपत्रिकेची कड जिभेनं ओली करून चिकटवायची होती आणि लाल डाग पडला तर ओळखीची खूण म्हणून मत बाद होईल. पाओला कोर्तेल्लेसी या दिग्दर्शिकेच्या २०२३ च्या चित्रपटात हा प्रसंग आहे. नवऱ्याचा मार खाणारी एक बाई एक पत्र लपवून ठेवते. आपल्याला वाटतं ते प्रियकराचं आहे. शेवटी कळतं की ते मतदानाचं कार्ड आहे. इटलीत पन्नास लाखांवर लोकांनी तो चित्रपट पाहिला. शेवटी आपल्या आज्यांची ही गोष्ट नातींपर्यंत पोचली म्हणायची.

मतं मोजली. जवळपास १ कोटी ३० लाख बायकांनी मत दिलं होतं, पुरुषांनी १ कोटी २० लाखांच्या आसपास. शंभरातल्या एकोणनव्वद बायका आल्या, पुरुषही तेवढेच. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख, राजाला १ कोटी ७ लाख. राजा गेला. गंमत अशी की फेब्रुवारी १९४५ च्या हुकमावर राजघराण्याच्या वतीनं सही केली होती ती उंबेर्तोनं, आणि सोळा महिन्यांनी सिंहासन गेलं तेही त्याचंच.

इथे टाळ्या वाजवून भाषण संपवता येईल. बायका राजेशाहीला मत देतील म्हणणारे खोटे पडले, असं म्हणून. पण तसं केलं तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. मतदान गुप्त होतं, कोणत्या बाईनं कुठे मत दिलं हे तिलाच ठाऊक. आणि दोन वर्षांनी, एप्रिल १९४८ मध्ये, चर्चचा पाठिंबा असलेला ख्रिस्ती लोकशाही पक्ष प्रचंड मतांनी जिंकला तेव्हा डाव्यांमधल्या अनेकांनी बोट दाखवलं ते बायकांकडेच. पाहा, आम्ही म्हणत नव्हतो का?

मी पण हे केलंय. आमच्या वस्तीत एका निवडणुकीत आमची उमेदवार पडली. रात्री ऑफिसात पुरुष कार्यकर्ते म्हणाले, "बायकांनीच घात केला." आणि मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मीच एका मावशींना जाऊन विचारलं, की तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही मत तिकडे का दिलं? त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "नवऱ्यानं विचारलं काल. आता तू विचारतेस. मग ते माझं कधी होतं गं?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

मताचा हक्क हा बरोबर मत दिल्याचं बक्षीस नाही. युद्धात मदत केल्याचं तर नाहीच नाही. पुस्तकांत वाचायला मिळतं की इटलीतल्या बायकांना प्रतिकारातल्या कामगिरीबद्दल मत ‘दिलं’. पुरुषांनी कोणती कामगिरी केली होती? मोत्सोनीनं १८७७ मध्ये मागितलं तेव्हा काडतुसांची पिशवी लागत नव्हती. माणूस असणं पुरेसं होतं.

संविधान सभेत ५५६ जागा होत्या, त्यात बायका २१. नऊ ख्रिस्ती लोकशाहीवादी, नऊ कम्युनिस्ट, दोन समाजवादी आणि एक आणखी वेगळ्या पक्षाची. एकमेकींशी पटत नव्हतं, पण कामाच्या वेळी एकत्र आल्या. कायद्यापुढे सगळे समान या कलमात ‘लिंगभेद न करता’ हे शब्द आले ते लीना मेर्लिनमुळे. त्याच कलमात तेरेसा मात्तेई या पंचवीस वर्षांच्या मुलीनं ‘प्रत्यक्षात’ हा शब्द घालायला लावला. म्हणजे समानतेच्या आड ‘प्रत्यक्षात’ येणारे अडथळे दूर करणं हे राज्याचं काम. किती छोटा शब्द! सारखं काम, सारखी मजुरी हेही आलं. पण त्याच कलमात बाईच्या कौटुंबिक कर्तव्याची शेपटीही लावली गेली.

आणि ‘प्रत्यक्षात’ काय झालं? बायका न्यायाधीश व्हायला १९६३ चा कायदा लागला. नवऱ्याला सोडून दुसऱ्या पुरुषाबरोबर गेलेल्या बाईला तुरुंग होता, नवऱ्याला तसा नव्हता. ते घटनाबाह्य ठरलं १९६८ मध्ये. १९६५ च्या डिसेंबरात सिसिलीतल्या आल्कामो गावच्या फ्रांका व्हिओला या सतरा वर्षांच्या मुलीला पळवून नेलं आणि बलात्कार केला. कायद्यात तरतूद होती, मुलीशी लग्न केलं की गुन्हेगार सुटतो. तिनं लग्नाला नकार दिला. वडील तिच्या मागे उभे राहिले. आरोपीला शिक्षा झाली. पण ती तरतूद रद्द झाली १९८१ मध्ये. इज्जतीसाठी बायको, मुलगी किंवा बहीण मारली तर शिक्षा कमी, हे कलमही त्याच वर्षी गेलं. घटस्फोट १९७० मध्ये आला आणि १९७४ च्या सार्वमतात लोकांनी तो राखला. कुटुंबात नवरा-बायकोला समान स्थान १९७५ मध्ये. बलात्कार हा सार्वजनिक नीतीविरुद्धचा नव्हे तर व्यक्तीविरुद्धचा गुन्हा, असं कायद्यानं मानलं १९९६ मध्ये. म्हणजे मत मिळाल्यावर पन्नास वर्षांनी. १९४६ मध्ये पहिल्यांदा मत दिलेल्या बायका तोवर सत्तरी ओलांडून गेल्या होत्या.

२०२२ मध्ये इटलीत पहिल्यांदा स्त्री पंतप्रधान झाली, ज्योर्जा मेलोनी. ती उजव्या पक्षाची. आपल्यातल्या पुष्कळजणींना तिचं राजकारण पटणार नाही, मलाही पटत नाही. पण मावशींचा प्रश्न तिथेही लागू आहे. बाईनं आमच्या बाजूनंच असावं, अशी अट घालून हक्क मागता येत नाही.

तेव्हा या सगळ्यातून मी काय घेतलं ते सांगते. पहिलं, ‘तत्त्वतः मान्य, पण एवढ्यात नको’ असं म्हटलं जाईल तेव्हा तारीख विचारायची. कधी ते सांगा आणि कार्यवृत्तात लिहा. दुसरं, कायदा झाला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. काय लिहायचं राहिलंय आणि कोणाला वगळलंय ते तिथेच असतं. तिसरं माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे. ज्या बाईसाठी आपण भांडतो तिच्याकडून कृतज्ञतेची पावती मागायची नाही.

त्या मागच्या रांगेतल्या मुलीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ती मुलगी आज इथे नाही. तुमच्यापैकी कोणाला भेटली तर तिला सांगा, त्यांनाही सहज मिळालं नाही.

आता चहानंतर गटचर्चा आहे. प्रत्येक गटानं दोनच प्रश्न घ्या. आपल्या संघटनेत कोणता विषय ‘पुढच्या बैठकीत’ म्हणून मागे पडलाय? आणि आपण स्वतः कोणत्या बाईला ‘एवढ्यात नको’ म्हटलंय? दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्या. माझं उत्तर मी दिलं आहे.